मुदतवाढ कुणाकडे मागायची?

डेप्युटेशनवर परदेशी गेलेल्या माणसाला एक दिवस ते पत्र येतंच. मलाही आलं. मजकूर जेमतेम दोन परिच्छेदांचा, सभ्य आणि नेमका. तुमची ठरलेली मुदत संपत आली आहे, तुम्ही नाशिकच्या प्लँटला परत रुजू होऊ शकता किंवा जर्मनीतल्या कंपनीचं लोकल काँट्रॅक्ट, म्हणजे तिथलीच थेट नोकरी, घेऊ शकता, काय ते जानेवारीअखेर कळवावं. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींमधून जर्मनीला आलेल्या आमच्यासारख्यांच्या गप्पांत हा विषय कायम असतो. कोण परत गेला, कोण लोकल झाला, कोण अजून लोंबकळतोय. लोंबकळणारेच जास्त असतात.

पत्र आलं तेव्हा डिसेंबरची सुट्टी तोंडावर होती. स्टुटगार्टच्या फ्लॅटमध्ये बसून याचं उत्तर द्यायचं नाही, घरी जाऊन सगळ्यांशी बोलायचं आणि मगच ठरवायचं, असं मी आणि बायकोने ठरवलं. हे लिहितोय ते घरी बसूनच. अशाच पत्रावर अडलेल्या बऱ्याच जणांशी गेल्या काही महिन्यांत बोलणं झालं. ते सगळे पगार, टॅक्स, परवाना, शाळा याबद्दल तासन्‌तास बोलतात. मला ज्या गोष्टीबद्दल बोलायचंय तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी हिशेबाचं बोलू. सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण, म्हाताऱ्या आईवडिलांची आजारपणं यातलं काहीच पैशाशिवाय होत नाही. ज्याच्या घरी शेती आहे त्याला तर महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणाऱ्या पगाराची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

डेप्युटेशनवर असेपर्यंत तुमची नोकरी कागदोपत्री इकडचीच असते. भारत आणि जर्मनीमधला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यामुळे डेप्युटेशनवाल्याला ४८ महिन्यांपर्यंत तिकडच्या पेन्शनची वर्गणी भरावी लागत नाही, इकडचा पीएफ चालू राहतो. लोकल झालात की पीएफ थांबतो आणि तिकडची वर्गणी सुरू होते. ती पगाराच्या १८.६ टक्के, निम्मी तुमची आणि निम्मी कंपनीची. तिकडच्या पेन्शनचा हक्क लागायला ६० महिने भरावे लागतात. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर असाल तर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याच्या परवान्याला अर्ज करता येतो, आणि बी-वन, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनीच. नागरिकत्वासाठी साधारण ५ वर्षं.

हे आकडे एकाखाली एक लिहून बघा. २१ महिने झाले की वाटतं, परवाना हातात आलाय, आता ६० महिने तरी पूर्ण करू. ६० होतात तोवर नागरिकत्वाच्या अर्जाची वेळ आलेली असते. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याच्या पायथ्याशी आणून सोडतो, आणि दर वेळी मनात तेच येतं की एवढं मिळवलंय, ते टाकून कसं जायचं. त्यातून तो कायमचा परवानाही माणूस तिथे राहिला तरच टिकतो. सर्वसाधारणपणे सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलात की तो जातो. म्हणजे तो मिळवायला राहायचं आणि मिळाला की तो जाऊ नये म्हणूनही राहायचं.

पेन्शनच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण 'साठ महिने पुरे कर, नाहीतर सगळं पाण्यात' हा सल्ला मला कितीतरी जणांनी दिला. त्याच करारामुळे भारतातल्या पीएफ-पेन्शनच्या वर्गणीचा काळ ६० महिन्यांच्या अटीसाठी धरला जातो. तिकडे दोन-अडीच वर्षंच भरून परत आलात तरी ते महिने बुडत नाहीत. तेवढ्या काळापुरतं जे काही बसेल ते पेन्शन वय झालं की मिळतं. मला हे कळलं तेव्हा डोक्यावरचं एक ओझं उतरलं. राहायचं असेल तर राहावं, पण हुकलेल्या आकड्याच्या भीतीपोटी राहू नये.

बायकोचं मत स्पष्ट आहे आणि ते तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. ती नाशिकला कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. दर वर्षी नव्याने मुलाखत, तासांवर पैसे आणि तेही कधी मिळतील याचा नेम नाही. तिकडे गेल्यावर तिने नेटाने जर्मन शिकून बी-वन केलं आणि आता एका बालवाडीत मदतनीस म्हणून काम करते. 'शिक्षणाच्या मानाने काम खालचं आहे हे मला कळतं,' ती म्हणाली, 'पण दर महिन्याला ठरल्या तारखेला माझ्या नावावर पगार येतो. हे मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालंय. मला ते एवढ्यात सोडायचं नाही.' यावर वाद घालण्यासारखं मला काही दिसलं नाही.

मुलगी दुसरीत आहे. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, आणि मग कोण कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार ते ठरतं. तिची चौथी २०२८ च्या जुलैत संपते. परत आणायचंच तर ती वेळ बरी, त्यानंतर तिला उपटून आणणं कठीण. इकडे २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, आणि तिचं मराठी सध्या तरी बोलण्यापुरतंच आहे. पण दहा वर्षांच्या मुलीला ते जमेल, पंधरा वर्षांच्या मुलीला जड जाईल. एवढं सरळ आहे ते.

इथवरचा विचार सगळे करतात, मीही केला होता. पण नाशिकला आल्यावर दोन गोष्टी झाल्या.

पहिली शहराची. नाशिक सध्या सिंहस्थाच्या तयारीत आहे. मागचा सिंहस्थ २०१५ चा, आता पर्वस्नानं २०२७ मध्ये. जिकडे बघावं तिकडे खोदकाम, रुंदीकरण, बॅरिकेड. मुंबई नाक्यावरून द्वारकेला जायचं म्हटलं तरी घरातून वेळ धरून निघावं लागतं. त्यात साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायची की नाही यावरून शहर ढवळून निघालंय. एका सकाळी मी तपोवनात जाऊन आलो. झाडांना कुणी फलक बांधलेले, कॉलेजची पोरं गटागटाने उभी, काही म्हातारी माणसं नुसतीच खोडाला हात लावून फिरत होती. बाजूला दोघेजण तावातावाने भांडत होते. एकाचं म्हणणं, बारा वर्षांनी येणाऱ्या साधूंना जागा द्यायची नाही तर कुठे पाठवायचं? दुसरा म्हणत होता, ही झाडं परत यायला बारा वर्षं पुरणार आहेत का? माझंही यावर मत होतं आणि ठाम होतं, झाडं राहायला हवीत. पण बोलायला तोंड उघडलं आणि थांबलो. हे रोज या रस्त्याने जाणार, पुढच्या उन्हाळ्यात इथली सावली असेल किंवा नसेल ते यांच्या डोक्यावर. महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला होती, २०१७ नंतर पहिल्यांदाच. गल्लोगल्ली प्रचार सुरू होता, घरोघर याद्या घेऊन कार्यकर्ते फिरत होते. आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत आलेल्या मुलाने यादीत माझं नाव शोधलं आणि विचारलं, 'काका, तुम्ही असणार का त्या दिवशी?' खरं तर पूर्ण निर्णयाचा प्रश्न त्याने एका वाक्यात विचारला होता.

दुसरी गोष्ट बागेत झाली, आणि तीच मुख्य आहे.

दिंडोरी रोडला म्हसरूळ मागे टाकून पुढे गेलं की आमचं गाव लागतं. चार एकर द्राक्षबाग, सातबारा आम्हा दोघा भावांच्या नावे सामाईक. मी इंजिनीअरिंग करून अंबडला लागलो, धाकट्याने शेती धरली. नाना, म्हणजे आमचे वडील, धडधाकट होते तोवर दोघे मिळून बघायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तो एकटाच.

द्राक्षबागेचं काम ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. स्टुटगार्टमध्येही द्राक्षाचे मळे आहेत, अगदी शहरात, रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल इतके जवळ. तिथला वेल थंडीत आपला आपण झोपतो, पानं गाळतो, हिवाळ्यात एकदा छाटला की काम झालं. आपल्याकडे तेवढी थंडीच पडत नाही, म्हणून वेलीला विश्रांती माणसानेच घडवून द्यावी लागते. पीक एकच, पण छाटण्या दोन. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडीसाठी. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळासाठी. एप्रिलच्या छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. बाहेरून काही दिसत नाही, पण त्या दिवसांत लख्ख ऊन लागतं. २०२५ मध्ये नेमका मे महिन्यातच पाऊस आला, महिना संपायच्या आत मान्सून राज्यात पोचला, आणि मग ढग हटेनात. घड डोळ्यातच राहिले.

धाकटा मला बागेत घेऊन गेला तेव्हा सकाळचं धुकं अजून तारांवर होतं. मांडवाखाली वाकून त्याने एक काडी हातात घेतली आणि अंगठ्याने दाखवली. घड असायला हवा तिथे हिरवी बारीक दोरीसारखी बाळी वळलेली. 'जिरला,' तो म्हणाला. पुढची काडी, तिथेही बाळी. त्याच्या पुढच्या काडीला घड होता, पण मुठीत मावेल एवढाच. एका झाडावर बोटांवर मोजता येतील इतके घड. छाटणीनंतरची पेस्ट, फवारण्या, मजूर, ब्लोअरचं डिझेल हा खर्च मात्र घड भरपूर असते तरी तेवढाच झाला असता. त्याच्या हाताच्या बोटांना औषधाचा निळसर रंग चढलेला होता आणि नखांच्या कडा फाटल्या होत्या. पहाटे पाचला उठून तो डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी फवारणी करून आला होता, आणि मी नुकताच चहा घेऊन.

मी त्याला सरळ विचारलं. 'मला तिकडे अजून राहायचं का असं कंपनीने विचारलंय. मी राहिलो तर तुझं काय काय अडेल?'

तो लगेच बोलला नाही. बांधावरून पुढे चालत राहिला. मग म्हणाला, 'दादा, अडेल काय, अडलंयच.'

मग त्याने जे सांगितलं ते मी इथे शक्य तेवढं त्याच्याच शब्दांत देतो. 'ही बाग आता थकली. पंधरा वर्षं झाली, हिच्याकडून अजून किती ओढायचं? तोडून नवी लावायचीय. फेब्रुवारीत खुंट लावले तर ऑगस्ट-सप्टेंबरला कलम करता येईल, पहिलं पीक २०२८ च्या फेब्रुवारीत. वरून प्लास्टिक टाकायचंय, आता बेमोसमी पावसाचा भरवसाच राहिला नाही. अँगल, तारा, ड्रिप, सगळं नवं लागेल. बँकेचं कर्ज लागतं. सातबारा सामाईक म्हणून मॅनेजर म्हणतो दोघांच्या सह्या आणा. सह्या तू देशील रे, त्याची मला चिंता नाही. पण तू येणार की नाही येणार ते मला माहीत नाही. तू आलास आणि म्हणालास, माझ्या दोन एकरात मला घर बांधायचंय, दुसरं काही करायचंय, तर तुझा हक्कच आहे. मग मी लावलेल्या बागेचं काय? तू येणार नसशील तर मी चारही एकर लावतो. येणार असशील तर दोनच लावतो, त्या मापाचं कर्ज काढतो. दोन वर्षांपासून दोन्ही नाही, जुनीच बाग ओढतोय. आता हे फोनवर कसं विचारणार तुला?'

मला वाटतं, परदेशातल्या माणसाच्या निर्णयावर जेवढं बोललं जातं त्यात हीच बाजू सुटते. आपण समजतो की आपण अजून ठरवलेलं नाही म्हणजे सगळं जागच्या जागी आहे, दोन्ही दारं उघडी आहेत. आपल्यासाठी ती उघडी असतात. पण तेवढाच काळ इकडच्या कुणाचं तरी एक दार बंद असतं. त्याला घर बांधायचं असतं, बाग लावायची असते, बदली मागायची असते, आणि तो आपल्याकडे बघून थांबलेला असतो. कंपनी दोन वर्षांची मुदत देते ती आपल्याला एकट्याला. आपण ती घेतो तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या आयुष्यातली दोन वर्षं घेतो. ती मागून घ्यायला हवीत.

जुन्या नाशकात हे डोळ्यांनी दिसतं. दर पावसाळ्याच्या तोंडावर गावठाणातल्या धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा निघतात आणि दर पावसाळ्यात एखादा वाडा पडतोच. कारणं बरीच असतात, भाडेकरूंचे वाद असतात, पैसा नसतो. पण कित्येक वाड्यांच्या मागे एक सही अडलेली असते. वारसांपैकी एक पुण्याला, एक बडोद्याला, एक आखातात किंवा अमेरिकेत. कुणाचं कुणाशी वैर नाही. 'पुढच्या वेळी आलो की बसून ठरवू' एवढंच प्रत्येकाचं म्हणणं. माझ्या आजोळचा वाडा असाच गेला. मस्कतला असलेल्या एका नातलगांची सही यायची होती. ते माणूस म्हणून फार चांगले, दर दिवाळीला सगळ्यांना काही ना काही आणायचे. त्यांना परत यायचंच होतं, पण नक्की कधी ते त्यांचं ठरत नव्हतं. भिंत आधी पडली.

त्या संध्याकाळी घरी धाकट्याची बायको भाकरी थापता थापता म्हणाली, 'दादा, मी एक बोलू का?' मी म्हटलं बोल. ती एरवी माझ्याशी मोजकंच बोलते. 'तुम्ही राहा तिकडे, माझं काही म्हणणं नाही. ताईंचं तिकडे चांगलं चाललंय, पोरीचंही. पण नानांजवळ दिवसा बसायला एक बाई लावा. मला पॅकहाऊसला क्वालिटीच्या कामाला बोलावलंय, मी बीएस्सी आहे. मागच्या हंगामातही बोलावलं होतं. तुम्ही पैसे पाठवता त्यात औषधांचं भागतं, फिजिओथेरपीचं भागतं. माझ्या वेळेचं त्यात काहीच धरलेलं नाही.' तवा उतरवताना तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, पण आवाज शांत होता. आई शेजारीच बसली होती, ती म्हणाली, 'बरोबर बोलतेय ती.'

आईला मी वेगळं विचारलं नव्हतं. तिला विचारलं तर ती म्हणणार, तुला बरं वाटेल ते कर, आणि तिच्या तोंडून ते वदवून घेऊन त्यावर निर्णय उभा करणं मला पटत नाही. नानांना विचारलं. त्यांचं बोलणं आता अडखळत येतं, एकेक शब्द जुळवावा लागतो. बाग तोडायची म्हटल्यावर ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. ती त्यांनी लावलेली. मग हात हलवून त्यांनी एवढंच विचारलं, 'खुंट... डॉगरिजच ना?' डॉगरिज ही खुंटाची जात. धाकटा म्हणाला, हो नाना, डॉगरिजच. त्यांचं समाधान झालं. माझं जाणं-येणं त्यांच्या लेखी दुय्यम होतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट हलकं वाटलं.

नागरिकत्वाचंही इथेच बोलून टाकतो, कारण लोकल होण्याच्या वाटेवर शेवटी ते येतंच. माझे मामा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. आपल्या देशाचे पासपोर्ट तिथेच, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. लहानपणी आम्हा भाच्यांना याचं केवढं अप्रूप होतं! पुढे माझा पहिला पासपोर्ट आला तेव्हा मामांनी तो हातात घेऊन आधी पानं उजेडाला धरून बघितली, मग माझा फोटो बघितला. जर्मनीचा कायदा २०२४ पासून दोन नागरिकत्वं चालवून घेतो, आपला घेत नाही. तिकडचं घेतलं की हा पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड घ्यायचं. त्या कार्डावर इथे राहता येतं, नोकरी करता येते, फ्लॅट घेता येतो. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तर ठेवता येते. शेतजमीन खरेदीची बंदी तर नुसत्या अनिवासी भारतीयालाही आहे. आमच्या बांधाला लागून असलेला तुकडा उद्या विक्रीला निघाला तर तो धाकट्यालाच घ्यावा लागेल. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांच्याबद्दल माझ्या मनात काहीही नाही, प्रत्येकाची गरज वेगळी. माझ्यापुरतं मी ते घेणार नाही. एवढं आधीच ठरवून टाकलं की त्या टप्प्यांच्या माळेतला शेवटचा मणी आपोआप गळतो, आणि मग मधल्या टप्प्यांची ओढही कमी होते असा माझा अनुभव आहे.

तर ठरलं ते असं.

आम्ही लोकल काँट्रॅक्ट घेतोय, २०२८ च्या जुलैपर्यंत. मुलीची चौथी संपते तो महिना. बायकोला तोवर तिचा पगार आणि तिकडच्या कामाचा अनुभव मिळेल, आणि नव्या बागेची पीक नसलेली वर्षं माझ्या पगारावर निघतील. शेतीत उत्पन्नाशिवाय दोन हंगाम काढणं म्हणजे काय ते घरच्यांना सांगायला नको. राहण्यामागे आता 'अजून थोडं' एवढंच कारण उरलेलं नाही, नेमकं काम आहे. यात धोका आहे आणि तो लहान नाही. लोकल झालं की अंबडची नोकरी माझ्यासाठी राखून ठेवलेली नसते. २०२८ मध्ये पंचेचाळिशीच्या आसपास मला नाशकात नव्याने काम शोधावं लागेल, आणि इथल्या कारखानदारीत बरंचसं गाड्यांच्या धंद्यावर अवलंबून. कदाचित पगार निम्म्याहून कमी असेल. बायकोला आणि मला दोघांनाही हे माहीत आहे, आम्ही ते बोललोय.

बाग धाकटा चारही एकर लावतोय. माझ्या हिश्शाचे दोन एकर पंधरा वर्षं त्याने कसायचे, म्हणजे बागेचं आयुष्य असतं तेवढी मुदत. मी येवो न येवो, त्याला हात लावायचा नाही. राहायला पाथर्डी फाट्याचा फ्लॅट आहे, तेवढा पुरे. हे तोंडी ठेवायचं नाही असा माझा आग्रह होता. धाकटा आधी म्हणाला, 'आपल्यात कशाला कागद?' पण आमच्यात ठीक आहे, उद्या आमच्या मुलांमध्ये काय ते आज सांगता येत नाही. वकिलांकडे जाऊन आलो. रीतसर वाटणी करून दोन्ही हिस्से वेगळे करायचे आणि माझ्या हिश्शाचा करार वेगळा. शिवाय कर्जाच्या कामासाठी मुखत्यारपत्र मी इथेच, निघण्याआधी नोंदवून देतोय. तिकडून करून पाठवायचं तर दूतावासाच्या चकरा, मग ते इकडे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा, त्यात धाकट्याचा फेब्रुवारी निघून जाईल.

नानांसाठी बाई मिळाली. गावातलीच आहे, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. धाकट्याच्या बायकोने स्वतः तिला दोन दिवस सगळं शिकवलं, कुठली गोळी कधी, हाताचा व्यायाम कसा करवायचा, बोलताना घाई कशी करायची नाही. सोमवारपासून ती पॅकहाऊसला जातेय.

आणि २०२८ मध्ये आणखी राहावंसं वाटलं तर? वाटू शकतं. तेव्हा कायमचा परवाना हातात असेल, पगार वाढलेला असेल, मुलीच्या मैत्रिणी तिकडच्या असतील. धाकट्यालाच मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, 'मग ये, आणि असाच बस समोर.' कंपनीच्या आधी घरी विचारायचं, आणि फोनवर नाही, हे आमच्यात ठरलंय. त्यासाठी २०२७ च्या दिवाळीला यायचं आत्ताच नक्की केलंय, म्हणजे नाही म्हणायचं झालं तर त्यांना नाही म्हणायला वेळ राहील.

कंपनीचं उत्तर अजून पाठवलेलं नाही. परवा दुय्यम निबंधकाकडे आमचा नंबर आहे. तिथल्या सह्या झाल्या की संध्याकाळी मेल करेन.